दहांत चार

गेल्या वर्षीं गणपति बोळवून मी धाकट्या बहिणीकडे अमेरिकेस गेलों तो निव्वळ विश्रांतीकरितां. ३१ वर्षें कॉलेजांत संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाची विश्रांतीची कल्पना फार मोठी नसते. खिडकीजवळची खुर्ची, वेळेवर चहा, आणि कोणीं कांहीं विचारूं नये, एवढीच ती असते. परंतु उतरल्याच्या तिसऱ्याच रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमचे भाचेसाहेब समोर येऊन बसले आणि म्हणाले, "मामा, तूं संख्याशास्त्र शिकवायचास ना? मग सांग, माझी शक्यता किती?" (मामाला अरेतुरे करण्याचा भाच्याचा हक्क आमच्या घराण्यांत जुना आहे, तो समुद्रापलीकडेहि शाबूत राहिला याचें मला बरें वाटलें.)

"कशाची शक्यता?"

"मला बर्कलीला घेतील याची."

हा प्रश्न मला जन्मभर विचारण्यांत आलेला आहे. परीक्षेच्या आधीं मुलें विचारीत. पत्रिका घेऊन फिरणारे मुलींचे वडील विचारीत. एकदां तर शेजारच्या गृहस्थांनीं पोटाच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं विचारला होता. विचारणाराला आंकडा हवा आहे असें दिसतें खरें. परंतु आंकडा सांगितला कीं त्याचा चेहरा असा कांहीं होतो कीं, आपण नको तें बोलून गेलों असें वाटावें. म्हणून मीं त्या रात्रीं "पाहूं या" म्हणून वेळ मारून नेली. स्वयंपाकघरांत बहिणीचा भांडीं घासण्याचा आवाज मधेंच थांबला होता तो पुन्हां सुरू झाला.

त्या घरांत हा विषय सहजासहजीं बोलला जात नव्हता. मुलगा दोन वर्षांपूर्वीं शाळेंतून चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला. त्यानें नऊ ठिकाणीं अर्ज केले. सात ठिकाणांहून नकार आले, आणि ज्या दोघांनीं होकार दिला त्यांचा खर्च ऐकून मेहुण्यांनीं हात टेकले. तेव्हां मुलगा घरापासून तीन मैलांवरच्या गांवच्या कॉलेजांत जाऊं लागला. तें कॉलेज येईल त्याला घेतें. येईल त्याला घेणाऱ्या ठिकाणीं आपला मुलगा गेला, ही गोष्ट बहिणीच्या मनाला इतकी लागली कीं, पुण्याला आईशीं बोलतांना ती नुसतें "कॉलेजांत जातो" एवढेंच सांगे. आईनें "कोणत्या ग?" असें विचारलें कीं, "घराजवळच्या" असें उत्तर मिळे. आईचें वय ८७. पण ती कांहीं बावळट नाहीं. तिनें पुढें विचारणें सोडून दिलें होतें.

तिकडची व्यवस्था वाचकांस थोडी समजावून सांगितली पाहिजे. कॅलिफोर्निया संस्थानानें १९६० सालीं उच्च शिक्षणाची एक योजना कायद्यानें पक्की केली. क्लार्क कर हे त्या वेळीं तेथील विद्यापीठाचे अध्यक्ष होते, व योजनेंत त्यांचा मोठा वांटा होता. शाळेंतून बाहेर पडणाऱ्यांपैकीं वरच्या आठव्या हिश्श्याला विद्यापीठ, वरच्या तिसऱ्या हिश्श्याला दुसऱ्या पायरीचीं सरकारी कॉलेजें, आणि येईल त्या सर्वांना गांवोगांवचीं दोन वर्षांचीं कॉलेजें, अशी ती विभागणी. एवढेंच असतें तर ती एक नवी वर्णव्यवस्थाच झाली असती. परंतु गांवच्या कॉलेजांत दोन वर्षें नीट काढणाऱ्याला तिसऱ्या वर्षीं विद्यापीठांत शिरण्याची वाट योजनाकारांनीं मोकळी ठेवली. आज अशीं ११६ सरकारी कॉलेजें आहेत, आणि विद्यापीठांत मधूनच दाखल होणाऱ्या दर दहांपैकीं नऊंहून अधिक विद्यार्थी त्यांतूनच येतात. पहिल्या वर्षाला येणाऱ्या दर दोघांमागें असा एक मधूनच येणारा घ्यावा, असें विद्यापीठाचें धोरण आहे.

या विद्यापीठाचीं पदवीचें शिक्षण देणारीं नऊ आवारें आहेत. त्यांपैकीं सहा, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा व सांता क्रूझ, हीं गांवच्या कॉलेजांतल्या मुलांना आधींच हमी देतात: इतके गुण मिळव, इतके विषय पुरे कर, तुझी जागा ठरली. ही हमी मात्र एकाच आवाराकडे मागतां येते, आणि कांहीं विषयांना ती मिळत नाहीं. उरलेलीं तीन, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो, कोणालाच हमी देत नाहींत. अर्थात् सर्वांचा डोळा त्यांच्यावरच.

आपल्याकडे हें कॉलेज बदलणें पूर्वीं इतकें मोठें प्रकरण नसावें. गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांतून निघाले आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून १८८४ सालीं बी. ए. झाले, त्यांच्या चरित्रांत ही गोष्ट एका ओळींत संपते. माझी स्वतःची गोष्ट मात्र एका ओळींत संपत नाहीं. १९७९ सालीं तालुक्याच्या कॉलेजांत पदवीचें पहिलें वर्ष पुरें करून मी पुण्यांतील एका नांवाजलेल्या कॉलेजांत दुसऱ्या वर्षाला जाऊं पाहत होतों. वडिलांनीं जुन्या कॉलेजाचा दाखला आधींच काढून आणला होता. आम्ही दोघे तीन दिवस कचेरीबाहेरच्या बाकावर बसलों. चौथ्या दिवशीं कारकुनानें जागा भरल्याचें सांगितलें. जागा किती होत्या, अर्ज किती आले, कोणत्या गुणांवर थांबले, हें विचारण्याची छाती वडिलांना झाली नाहीं. मला तर नाहींच नाहीं. दाखला परत नेऊन जुन्या कॉलेजांत पुन्हां नांव घालण्याकरितां वडील ज्या पायऱ्या चढले, त्या मी अजून मोजून सांगूं शकेन.

त्यामुळें तिकडचें विद्यापीठ स्वतःच सगळे आंकडे छापतें हें पाहून मला पहिल्यानें फार कौतुक वाटलें. किती अर्ज आले, किती घेतले, घेतलेल्यांचे गुण काय होते, हें प्रत्येक आवाराचें व प्रत्येक विषयाचें दर वर्षीं प्रसिद्ध होतें. खाजगी विद्यापीठेंहि एका ठराविक नमुन्यांत असे आंकडे देतात, आणि त्यांत मधूनच येणाऱ्यांचा भाग निराळा असतो. वडिलांना असा एक कागद मिळाला असता तर त्यांचे तीन दिवस वांचले असते. पण महिनाभर तो कागद चाळल्यावर माझें कौतुक थोडें उतरलें, कारण आंकडे उघड असले म्हणजे मनुष्य त्यांत आपलें भविष्य वाचूं लागतो.

मेहुणे अभियंते. त्यांनीं संगणकावर एक भलें मोठें कोष्टक तयार केलें होतें. बर्कली आणि लॉस एंजेलिस हीं आवारें मधूनच येणाऱ्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा घेतात, हें त्यांनीं बरोबर टिपलें होतें. (शाळेंतून थेट लॉस एंजेलिसला जाऊं पाहणाऱ्या शंभरांत नऊजणांना जेमतेम जागा मिळते, म्हणजे ज्या गांवच्या कॉलेजाची बहिणीला लाज वाटत होती, त्यानेंच मुलाची शक्यता वाढविली होती. हें मीं तिला सांगितलें. तिनें ऐकून घेतलें.) पुढें मेहुण्यांनीं हिशेब असा केला: पांच ठिकाणीं अर्ज करावयाचे, प्रत्येक ठिकाणीं चारांत एक धरावें, तर पांचहि ठिकाणीं नकार येण्याची शक्यता पाऊण गुणिलें पाऊण असें पांच वेळां, म्हणजे सुमारें शंभरांत २४, अर्थात् कोठें तरी होकार येण्याची शंभरांत ७६.

"दादा, बरोबर आहे ना?"

गुणाकार बरोबरच होता. पण तो फांशांचा गुणाकार झाला. पांच वेळां फांसा टाकला तर दुसऱ्या वेळच्या फांशाला पहिल्या वेळीं काय पडलें याची दाद नसते. येथें पांचहि ठिकाणीं एकच मुलगा जाणार, तेच गुण, तीच विषयांची यादी, तेच निबंध. ज्या उणीवेमुळें एक ठिकाण नको म्हणेल, तीच उणीव बाकीच्या चौघांनाहि दिसणार. चार दारें बंद झालीं म्हणजे पांचवें उघडण्याची शक्यता पूर्वींइतकी राहत नाहीं; तीहि खालीं येते. मेहुण्यांना हें पटलें, पण आवडलें नाहीं. त्यांनीं मग हार्वर्डसारखीं खाजगी विद्यापीठेंहि यादींत घालावींत काय, असें विचारलें. हार्वर्ड अशा अर्जदारांपैकीं शंभरांत जेमतेम एकाला घेतें. प्रिन्स्टननें तर १९९० पासून हें दारच बंद केलें होतें, तें २०१८ सालीं उघडलें, आणि तेंहि एका बोटाएवढेंच. बहीण म्हणाली, "पण ओबामा नाहीं का गेले असेच? आधीं लहानशा कॉलेजांत होते ना?" ती खरी गोष्ट आहे. ओबामा लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजांतून १९८१ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. परंतु त्या वर्षीं ज्यांना कोलंबियानें घेतलें नाहीं, त्यांचीं नांवें आपणांस कोण सांगणार?

हाच घोटाळा दिवाळीच्या समारंभांत दसपट मोठा होऊन भेटला. महाराष्ट्र मंडळींच्या त्या फराळाला दीडएकशें माणसें असतील. तेथें प्रत्येकाला असा एक मुलगा माहीत होता, कीं ज्याचे गुण आमच्या भाच्याहून कमी असून त्याला बर्कलीनें बोलावून घेतलें. नकार मिळालेला एकहि मुलगा कोणाच्या ओळखीचा नव्हता. ज्या अर्थी चारांपैकीं तिघांना नकार येतो, त्या अर्थी त्या दिवाणखान्यांत तशा मुलांचे आईबाप पुष्कळच असले पाहिजेत. ते मुकाट्यानें चकली खात होते. आमची बहीणहि त्यांतलीच.

खरी ठिणगी पडली ती विषयावरून. भाच्याला पहिल्यानें वडिलांच्या इच्छेनें संगणकशास्त्राकडे जावयाचें होतें. त्याकरितां पहिल्याच सत्रांत त्यानें कलनशास्त्र घेतलें, आणि त्यांत त्याला 'सी' मिळाला. ए, बी, सी या श्रेणींना तिकडे ४, ३, २ असे गुण धरतात. दुसऱ्या सत्रापासून तो इतिहासाकडे वळला. आतां विद्यापीठाच्या कागदावरून असें दिसत होतें कीं, संगणकशास्त्राला शंभरांत दहाजणहि घेत नाहींत, आणि इतिहासाला त्याच्या कितीतरी पट घेतात. एका संध्याकाळीं मेहुण्यांचें बोट त्या ओळीवर थांबलें. ते उत्साहानें म्हणाले, "हें पाहा! इतिहासांतून आंत शिरायचें. एकदां आंत गेला कीं विषय बदलून घेतां येईल."

तसें तें येतहि नाहीं. बर्कलीनें अलीकडे ही पळवाट बहुतेक बुजवून टाकली आहे, आणि मी तेवढेंच सांगणार होतों. पण भाचा आधींच बोलला. तो स्वभावानें अबोल. त्यामुळें आवाज चढला तेव्हां आम्ही सगळे दचकलों.

"बाबा, मला इतिहासच शिकायचा आहे. ती युक्ति नाहीं. तुम्हांला तो विषय फक्त सोपा दरवाजा म्हणून दिसतो!"

मेहुणे कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं संगणकाचें झांकण मिटलें व ते बागेला पाणी घालावयास गेले. आदल्या दिवशींच पाऊस पडून गेला होता.

मग मीं भाच्याला विचारलें, इतिहासच कां? त्याचें उत्तर मला अपेक्षित नव्हतें. पहिल्या वर्षीं त्याच्या शिक्षकांनीं मुलांना सॅन फ्रान्सिस्कोंतील एखाद्या जुन्या जागेविषयीं लिहावयास सांगितलें होतें. तो वुड स्ट्रीटवरील गदर पक्षाच्या स्मारकांत गेला, आणि तेथून पांडुरंग खानखोज्यांपर्यंत पोंचला. वर्ध्याचा हा मुलगा अमेरिकेंत येऊन ओरेगॉन व वॉशिंग्टन या संस्थानांतील कॉलेजांत शेतकी शिकला, १९१३ सालीं स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या आरंभींच्या मंडळींत होता, आणि पुढें मेक्सिकोंत जाऊन मक्याच्या सुधारणेचें काम केलें. "मामा, तोहि एका कॉलेजांतून दुसऱ्या कॉलेजांत हिंडत होता," असें तो हंसून म्हणाला. बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयांत गदर पक्षाचे कागद जपून ठेवले आहेत. ते त्याला वाचावयाचे होते. बर्कलीचा हट्ट कोठून आला हें मला तेव्हां कळलें. तोंपर्यंत मी तो नांवाचाच हट्ट समजत होतों.

त्यानें आणखीहि एक गोष्ट संकोचत सांगितली. त्याला मराठी बोलतां येतें, वाचतां येत नाहीं. दुसऱ्या दिवसापासून रोज रात्रीं आमची बाराखडी सुरू झाली. जोडाक्षरांनीं त्याला फार छळलें. 'ज्ञ' पाहून तो म्हणे, हें अक्षर नाहीं, ही गांठ आहे.

आतां त्याच्या प्रश्नाचें उत्तर देणें मला टाळतां येईना. एका रविवारीं आम्ही दोघे कागद घेऊन बसलों. त्याचीं ६० एककें पुरीं झालीं होतीं: ५ एककांत सी, १५ एककांत बी, ४० एककांत ए. एकूण २१५ गुण. भागिलें साठ, म्हणजे ३.५८. तो 'सी' जर 'ए' असता तर हाच आंकडा ३.७५ झाला असता. तो विषय पुन्हां देऊन धुऊन काढावा, तर सी किंवा त्याहून वरची श्रेणी मिळालेला विषय पुन्हां दिला तरी विद्यापीठ नवे गुण धरीत नाहीं. नापास झालेल्याला दुसरी संधि आहे. काठावर पास झालेल्याला नाहीं. नियमामागें कारण असेलच, पण त्या रविवारीं आम्हां दोघांना तें सुचलें नाहीं. चालू सत्राच्या १५ एककांत सर्व ए पडले तर ३.६७, आणि उरलेल्या १५ एककांतहि पडले तर ३.७२. अर्ज नोव्हेंबरअखेर द्यावयाचा, आणि चालू सत्राचे गुण जानेवारींत कळवावयाचे. म्हणजे वाचणाराच्या पुढें ३.६७ हा आंकडा येणार.

छापलेल्या कोष्टकांत प्रत्येक विषयाला घेतलेल्यांच्या गुणांचा एक पट्टा दिलेला असतो. बर्कलीच्या इतिहासाच्या पट्ट्यांत आमचा आंकडा खालच्या कांठाशीं बसत होता. मेहुणे त्या कांठाला कुंपण समजत होते. वास्तविक तो पट्टा म्हणजे घेतलेल्यांपैकीं मधले निम्मे. एक चतुर्थांश त्याच्याहि खालचे असतात. परंतु त्याच कांठावर उभे असलेले किती जण नाकारले गेले, हें तो पट्टा सांगत नाहीं, आणि आम्हांला हवें होतें तें नेमकें तेंच. उजवीकडे मीं त्याच्या जमेच्या बाजू मांडल्या. त्या विषयाला जें पायाभूत शिक्षण लागतें तें त्यानें सर्व पुरें केलें होतें. पुष्कळ अर्जदारांचें तें अर्धवट असतें, व सरासरींत तेहि मोजलेले असतात. पहिल्या सत्रानंतर त्याचे गुण सारखे चढत होते. आणि सांगण्यासारखें त्याच्यापाशीं कांहीं तरी होतें.

"मग किती?" त्यानें विचारलें.

"दहांत चार."

"पांच कां नाहीं?"

हा प्रश्न योग्य होता, आणि त्याचें खरें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. चार म्हणतांना मीं गणित केलें होतें, पण त्यांत माझें वय, १९७९ सालचा तो बाक आणि मुलाला फार आशा लावूं नये ही सावधगिरी, हींहि मिसळलीं असतील. मीं त्याला तसें सांगितलें. त्यानें "दहांत चार" हे शब्द मराठींत, आपल्या नव्या अक्षरांत, त्याच कागदावर लिहिले. 'दहांत' वरचा अनुस्वार तो विसरला, मीं दिला.

डेव्हिसची हमी मागण्याची मुदत सप्टेंबरअखेर होती, ती त्यानें आधींच साधली होती. म्हणजे प्रश्न रस्त्यावर पडण्याचा कधींच नव्हता. तरीहि त्या घरांत डेव्हिसचें नांव असें घेतलें जाई कीं, जणूं तें एखादें धर्मादाय वसतिगृह असावें. एवढें मोठें विद्यापीठ. शेतकीसाठीं जगभर नांवाजलेलें. पण हमीनें मिळतें, म्हणून त्याची किंमत नाहीं! घरांतल्या माणसांची जी गत, तीच हमीच्या कॉलेजाची.

निबंध लिहिण्याचे पंधरा दिवस मी विसरूं इच्छितों. चार प्रश्न, प्रत्येकाला फार तर ३५० शब्द. त्यांतला एक सर्वांना सक्तीचा: निवडलेल्या विषयाकरितां आपण कोणती तयारी केली? मेहुण्यांनीं पहिल्या खर्ड्यावर लाल खुणा करून त्यांत "नेतृत्व" हा शब्द तीनदां घातला. भाच्यानें तो तीनदां काढला. 'सी'चा उल्लेख करावा कीं नाहीं यावर दोन रात्रीं वाद झाला. बहिणीचें म्हणणें, आपल्या तोंडानें आपली उणीव कशाला सांगावी? माझें म्हणणें, ती गुणपत्रिकेवर दिसतेच आहे. वाचणारा तिच्याविषयीं आपल्या मनानें कांहीं तरी ठरविणारच, तर तें आपणच कां सांगूं नये? शेवटीं त्यानें दोनच वाक्यें घातलीं. दुसऱ्याचा विषय मीं माझा समजून घेतला होता, आणि तें समजावयास मला एक सत्र लागलें, अशा अर्थाचीं. तीं वाचून मेहुणे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हें राहूं दे."

अर्ज गेला. डिसेंबरांत गुण आले. तीन विषयांत ए, तिन्ही पांच एककांचे. जानेवारींत ते कळविले, आणि फेब्रुवारींत माझी सहा महिन्यांची मुदत संपत आली तसा मी परत आलों.

एप्रिलच्या अखेरीस एका सकाळीं, आमची दुसरी चहाची वेळ, फोन वाजला. तिकडे रात्र होती. डेव्हिसचा होकार आधींच आला होता. लॉस एंजेलिसनें घेतलें होतें. बर्कलीनें नाहीं म्हटलें होतें.

मेहुण्यांचा आवाज आनंदानें फुटत होता. "दादा, तुमचें दहांत चार चुकलें कीं बरोबर आलें?" मीं त्यांना सांगितलें कीं, एका निकालावरून तें ठरवितां येत नाहीं, दहा भाचे असते तर कांहीं सांगतां आलें असतें. त्यांना तें विनोदाचें वाटलें. लॉस एंजेलिस हें नांव त्यांनीं त्या दहा मिनिटांत सातआठ वेळां उच्चारलें असेल.

पण मे महिन्यांत भाच्यानें डेव्हिसला जाण्याचें ठरविलें. घरांत केवढा गहजब झाला असेल याची कल्पना मला बहिणीच्या फोनवरून आली. त्या फोनमधें शब्द थोडे व हुंदके फार होते. त्याचें कारण असें कीं, बँक्रॉफ्टचे कागद अभ्यासू माणसाला पाहावयास मिळतात, त्याकरितां बर्कलीचा विद्यार्थी असावें लागत नाहीं. आणि डेव्हिसहून बर्कलीला थेट आगगाडी आहे, दीड तासाच्या आंत जाते. लॉस एंजेलिसहून जावयाचें म्हणजे पुरा दिवस. शिवाय खानखोज्यांचा मका समजून घ्यावयाचा तर शेतकीचे प्राध्यापक डेव्हिसांतच. बहिणीनें मला त्याची समजूत घालावयास सांगितलें, आणि मीं प्रामाणिकपणें घातली. मला अजूनहि वाटतें कीं, लॉस एंजेलिसचा इतिहास विभाग मोठा, तेथें त्याला गुरु अधिक चांगले भेटले असते, आणि कागद काय, सुटींत पाहतां आले असते. त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाला, "मामा, तूं मला शक्यता सांगितलीस. कुठें जावें तें मीं तुला विचारलें नव्हतें." रागानें म्हणाला नाहीं. पण म्हणाला.

त्या रविवारीं तो व्हिडिओ कॉलवर आजीशीं बोलला. मी शेजारींच होतों. बहीण पलीकडून पुढें होऊन म्हणाली, "आई, याला लॉस एंजेलिसनें घेतलं होतं, पण हा—" तेवढ्यांत आईनें तिला हातानें थांबविलें आणि नातवाला विचारलें, "आतांपर्यंत कुठें होतास रे तूं?"

"गांवच्या कॉलेजांत, आजी. जें सगळ्यांना घेतं."

बहिणीनें मान खालीं घातली.

"दोन वर्षें?"

"दोन वर्षें."

"तीं फुकट नाहीं ना जाणार? पुन्हां पहिल्यापासून नाहीं ना बसवणार तुला?"

"नाहीं आजी. सगळीं धरतात. नव्वदच्या नव्वद."

"मग ठीक आहे," असें म्हणून आईनें चष्मा सारखा केला. "आणि तिथें जेवणाचं काय? खोलीवर शिजवतां येतं कीं बाहेरच?"